चौदा नंबरची खुंटी

रास अल खैमाच्या धक्क्यावरून बोटीनं बावीस मिनिटं.
पाहुण्यांना सांगतात, बेट.
आम्ही आपसात म्हणतो, भर.
तेरा वर्षांपूर्वी इथं नुसतं पाणी होतं
आणि पाण्याच्या तळाशी
खल्फानच्या आजोबांचे मोत्यांचे शिंपले.

माझं काम पहाटे साडेचारला सुरू.
रात्रीत समुद्रानं नेलेली वाळू
पाहुणे उठायच्या आत परत आणून ठेवायची,
वर दाताळं फिरवायचं.
आजचा किनारा कालच्यासारखा दिसला पाहिजे.
करारात हेच लिहिलंय, जरा लांबण लावून.

पाण्यापासून व्हिलाच्या पायरीपर्यंत
वीस खुंट्या ठोकल्या होत्या. आकडे मी रंगवले.
रोज पाणी कुठवर आलं, किती बोटं वाळू गेली,
ते वहीत उतरवतो खल्फान, त्याच्या आकड्यांत.
त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो.
पहिलं वर्षभर मी त्याचे पाच शून्य वाचत होतो
आणि निवांत झोपत होतो.
हेड ऑफिसात अजून तसंच वाचत असावेत.

जुलैत पाण्यात हात घातला
तर तापानं फणफणलेल्या पोराचं कपाळ लागतं.
खालचं प्रवाळ पांढरंफेक पडलंय.
बुडी मारून आलेली एक बाई म्हणाली,
किती स्वच्छ ठेवता हो तुम्ही सगळं!
निशामनं मान खाली घालून तिला टॉवेल दिला.

निशाम मालदीवचा. बोट चालवतो.
त्याचं बेट खरं, देवानं केलेलं,
त्याच्या आजीची कबर आता भरतीला भिजते.
ते वाचवायला पैसे हवेत
म्हणून तो या खोट्या बेटावर कामाला आलाय.
समुद्राला हा फरक कळत नाही, म्हणतो.
पूर्वी हंगाम आठ महिन्यांचा होता. आता पाच.
उरलेले महिने बिनपगारी रजा,
आणि गरम वाऱ्यात फडफडणाऱ्या
मिटलेल्या छत्र्या.

आमच्या खाडीला खारबांध होता.
अमावस्येच्या उधाणाला बांधाला खांड पडली
की आबा दारोदार ओरडत जायचे.
रात्री दोनला अख्खं गाव चिखलात,
पेंढा, माती, टोपल्या, कुणाचं तरी मोडकं दार,
हाताला लागेल ते खांडीत.
त्या रात्री कुणी मजुरी विचारत नसे.
बांधामागं प्रत्येकाचं भात होतं.

इथं खांड पडली की मेल जातो,
टेंडर निघतं,
गुरुवारी ड्रेजर येतो
आणि समुद्राच्याच पोटातली वाळू उपसून
समुद्राच्याच तोंडावर टाकतो.
बांधामागं इथं कुणाचंच भात नाही,
असं मी बरीच वर्षं म्हणत आलो.
परवा पोरीच्या नर्सिंग कॉलेजची पावती आली मोबाईलवर,
आणि मी दाताळं हातात धरून
उगाच व्हिलांकडं बघत राहिलो.

तेरापर्यंतच्या खुंट्या गेल्याच होत्या.
आज चौदाही दिसेना.
कंबरभर पाण्यात चाचपलं, पायानं शोधलं.
मग दिसली,
एका रशियन पोरानं उभारलेल्या
वाळूच्या किल्ल्यावर, झेंड्याच्या जागी.
आधी इतकं हायसं वाटलं
की मी त्याच्यावर रागावलोसुद्धा.
कुठून उपटलीस, विचारलं खुणेनं.
त्यानं मान हलवली. उपटली नाही.
दोन्ही हात तरंगते करून दाखवले,
मग बोट केलं
पाण्याकडं, बरंच आत.

खुंटी त्याच्याकडंच राहू दिली.
खल्फानकडून वही मागून घेतली
आणि आजचा आकडा मीच लिहिला,
चेकवर लिहितात तसा, अक्षरी,
मराठीत, अरबीत, इंग्रजीत,
पुढं रेघ मारून
मात्र एवढेच.